दोनशे एकरांचा हट्ट

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. जिल्हाधिकारी कार्यालय आले, जिल्हा परिषद आली. विद्यापीठ मात्र नागपुरातच राहिले. गोंदियाच्या महाविद्यालयांत पदव्युत्तरचे मोजके विषय मिळतात. त्यापलीकडे काही शिकायचे, संशोधन करायचे, तर सालेकशाच्या पोराने नागपूर गाठायचे. तेव्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा भरीव उपपरिसर गोंदियात हवा, यात वाद घालण्यासारखे काही नाही. वाद आहे तो त्यापुढच्या वाक्याशी. ‘आधी दोनशे एकर जागा मिळवा, मग बोला,’ हे ते वाक्य. ते व्यवहारी वाटते, पण मागणी शीतपेटीत घालायला याहून सोयीचे वाक्य शोधून सापडणार नाही.

या म्हणण्यामागे एक समजूत आहे: विद्यापीठ म्हणजे प्रथम भूखंड, मग कुंपण, मग कमान, आणि शिकवणे त्यानंतर. खुद्द नागपूर विद्यापीठाचा इतिहास या समजुतीला साथ देत नाही. १९२३ साली ते स्थापन झाले तेव्हा आधीपासून चालू असलेल्या महाविद्यालयांच्या बळावर उभे राहिले. पुढे कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मँगनीजच्या धंद्यात मिळवलेली संपत्ती मृत्युपत्राने विद्यापीठाला दिली. ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी होती, आणि त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. काय शिकवायचे ते आधी ठरले होते, म्हणून त्या संस्थेच्या जागेला अर्थ आला. उलट पुणे विद्यापीठाच्या नाशिक आणि अहिल्यानगर उपकेंद्रांचे पाहा. शिवनई आणि बाबुर्डी घुमट इथे जागा ठरल्या, तरी इमारती उभ्या राहायला वर्षे गेली. सातबारा हाती आला म्हणून वर्ग भरत नाहीत.

प्रतिपक्षाचा खरा जोरदार मुद्दा मात्र दुसराच आहे आणि तो आपल्या दारातलाच आहे. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये केटीएस रुग्णालयाच्या आवारात सुरू झाले. कुडव्याच्या नव्या इमारतीचे भूमिपूजन तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते झाले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. शेजारी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ २०११ ला स्थापन झाले. अडपल्लीच्या परिसराची कोनशिला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते बसली जुलै २०२३ मध्ये. एकीकडे आठ वर्षे, दुसरीकडे बारा. ‘उसन्या खोलीत सुरू करा म्हणजे तात्पुरते कायमचे होते,’ असे कुणी म्हटले तर मी ते खोडणार नाही. पण या दोन उदाहरणांतून निघते ते एवढेच, की जागा निश्चित करण्याचे काम पहिल्या दिवशी व्हायला हवे होते. दोनशे एकर मिळेपर्यंत दोन्ही संस्था सुरूच करायला नको होत्या, असे कुणी म्हणून दाखवावे. २०१६ पासून इथे शिकून डॉक्टर झालेल्यांनी मग काय केले असते?

आता जागेकडे येऊ. ‘धानाची एकपिकी जमीन आहे, घ्या,’ हे बोलणे तर अज्ञानाचे. या भागातली शेती तलावाखाली वाढलेली आहे. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आलेले मामा (माजी मालगुजारी) तलाव, गावोगावच्या बोड्या, आणि त्यांच्या पाळीखाली एकाखाली एक उतरत गेलेल्या बांध्या. वरच्या बांधीचे पाणी धुऱ्यावरून खालच्या बांधीत येते. मधल्या शंभर एकरांना भिंत घातली, की वरची शेते तुंबतात आणि खालची कोरडी पडतात. ज्यांची गुंठाभर जमीन घेतली नाही, त्यांचेही पीक जाते, आणि त्यांचे नाव मोबदल्याच्या कोणत्याच यादीत नसते. शिवाय तलावाचे पाणी पुरते तिथे उन्हाळी धानही निघते. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याचे कलम १० अशा बहुपिकी ओलिताच्या जमिनीला हात लावू देते ते दुसरा उपाय उरला नाही हे दाखवता आले तरच. महाराष्ट्रात उरलेसुरले सारस याच बांध्यांत घरटी करतात, हे जाता जाता.

यावर तयार उत्तर असते थेट खरेदीचे. वाटाघाटी करा, वाढीव दर द्या, शेतकरी आपणहून विकतो. काही विकतीलही, त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण थेट खरेदीत सामाजिक परिणामांचा अभ्यास टळतो, आणि पैसा जातो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. ठेक्याने कसणारा आणि रोवणीला जाणाऱ्या बाया यांच्या हाती त्यातले काही लागत नाही. बिरसी विमानतळाच्या विस्तारात ज्यांची घरे गेली, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न किती वर्षे रेंगाळला, हे या जिल्ह्याला सांगायला नको.

मग झुडपी जंगल? ‘नुसती पडीक आहे, ती द्या,’ ही सूचना सर्वांत गोड वाटते. निस्तार पत्रकात ज्या जमिनीवर गावाचे गुरे चारण्याचे आणि सरपणाचे हक्क नोंदले आहेत, तिला पडीक म्हणतो तो शहरातला माणूस. आणि आता कायद्यानेही ती वाट सोपी राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात पूर्व विदर्भातील झुडपी जंगल हे वनच मानले. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना संरक्षण दिले, पुढच्यांना नाही. नव्या परिसरासाठी ती जमीन मागायची म्हणजे केंद्राच्या परवानगीची फाईल उघडायची.

माझे म्हणणे मग असे. गोंदियाला दोनशे एकर लागत नाहीत. पंचवीस-तीस एकर सरकारी, बिगरवन, तलावाच्या लाभक्षेत्राबाहेरची जागा पुरे, आणि ती रेल्वे स्थानकापासून पायी किंवा सायकलने गाठता यावी. इमारती दोन-तीन मजली बांधा; मैदान, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांत हात आखडू नका. जिल्ह्यातल्या आठपैकी सात तालुक्यांत रेल्वे थांबते: तिरोडा नागपूरच्या मार्गावर, आमगाव आणि सालेकसा दुर्गच्या, गोरेगाव, सौंदड आणि अर्जुनी चांदा फोर्टच्या. गोंदिया हे या सगळ्यांचे जंक्शन. शहराबाहेर वीस किलोमीटरवर स्वस्त जमीन सापडली म्हणून परिसर तिकडे नेला, तर स्वस्ताईचा तो पैसा पुढची पन्नास वर्षे विद्यार्थी ऑटोच्या भाड्यात भरतील. जागेचा आदेश आणि पहिल्या तुकडीच्या प्रवेशाची जाहिरात एकाच महिन्यात निघावी. वर्ग तोवर गावातल्या महाविद्यालयांत दुपारनंतर भरवता येतात. विषयही इथले घ्या: तलाव आणि भूजल, धान आणि भरडाई, वनहक्क, गोंडी भाषा. हे शिकायला नागपूरच्या पोरांनी इकडे यावे.

राहिला आठवा तालुका, देवरी. तो महामार्गावर आहे, पण तिथे रेल्वे नाही, आणि आतल्या गावांतून सकाळच्या तासाला रोज पोहोचणे शक्य नाही. म्हणून पहिली इमारत मुलींच्या वसतिगृहाची बांधावी. प्रशासकीय भवन दुसऱ्या टप्प्यात गेले तरी चालेल. कुलगुरूंना नागपुरात खोली आहेच.