केसांचे दान आणि समाजाचे देणे

केशदानाच्या उपक्रमाकडे आपल्या चळवळीतील पुष्कळ कार्यकर्ते काहीशा उपहासाने पाहतात. चाकणच्या कंत्राटी कामगारांचे वेतन, इंद्रायणीचे प्रदूषण, शेतजमिनींचे संपादन असे जळते प्रश्न समोर असताना, आजारी मुलांच्या टोपासाठी दोन-अडीच वर्षे केस वाढविणारा तरुण म्हणजे मध्यमवर्गीय हौसेचा नमुना, असे त्यांना वाटते. उलटपक्षी, कापलेली वेणी टपालाने पाठविली की समाजऋण फिटले, असे मानणारा एक वर्गही आहे. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु दान, बाजार आणि हक्क यांचे परस्परसंबंध त्यात जितके स्पष्ट दिसतात तितके क्वचितच अन्यत्र दिसतील.

प्रथम वस्तुस्थिती. कर्करोगावरील केमोथेरपीची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही तशाच असल्याने त्या भरडल्या जातात आणि थोड्याच दिवसांत डोके बोडके होते. उपचार थांबल्यावर हे केस बहुधा परत येतात. परंतु मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचार दोन ते तीन वर्षे चालू शकतात. दुसरा आजार आपल्याकडे 'चाई' या नावाने ओळखला जातो. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते. तो संसर्गजन्य नाही, जिवावरही बेतत नाही. पण काही मुलांच्या डोक्यावरील सर्व केस वर्षानुवर्षे गेलेले राहतात. अशा मुलीला शाळेत चिडविले जाते, शेजारच्या बाया तिच्यापासून आपली मुले दूर ठेवतात, आणि हळूहळू ती शाळेत जाण्याचेच टाळू लागते. ज्या आजाराने देह दुखत नाही, त्याने शिक्षण तुटते. याला हौसेचा प्रश्न म्हणणे कितपत न्याय्य आहे?

केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. बहुतेक संस्था दहा ते बारा इंच लांबीचे केस मागतात. म्हणजे दात्याला दोन-अडीच वर्षे धीर धरावा लागतो. एका टोपासाठी अनेक दात्यांच्या वेण्या लागतात. मग लांबीनुसार निवड होते आणि जाळीवर हजारो केस हाताने गाठविले जातात. या कामाला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे चांगल्या टोपाची किंमत ही मुख्यतः श्रमाची किंमत आहे, आणि ती कंत्राटी कामगाराच्या कुटुंबाला परवडणारी नाही. वाढत्या मुलाचे डोकेही वाढते. चाई असलेल्या मुलाला एक टोप जन्मभर पुरत नाही. मुंबईत 'कोप विथ कॅन्सर' या नावाने काम करणारा मदत ट्रस्ट, अमेरिकेत १९९७ साली सुरू झालेली 'लॉक्स ऑफ लव्ह' ही संस्था, इंग्लंडमधील 'लिटल प्रिन्सेस ट्रस्ट' यांनी या क्षेत्रात मोलाचे काम केले आहे. त्यांचे ऋण मान्य करूनच पुढचा विचार केला पाहिजे.

तो विचार असा, की ज्या देशात मुलीच्या डोक्यावर टोप चढविण्यासाठी दात्यांची वाट पाहावी लागते, तोच देश मानवी केसांचा जगातील एक प्रमुख निर्यातदार आहे. तिरुमला येथे भाविकांनी देवाला वाहिलेल्या केसांच्या लिलावातून देवस्थानाला दरवर्षी कोट्यवधी रुपये मिळतात. आपल्या गावोगावी फेरीवाल्या बाया 'केसांवर भांडी' अशी आरोळी देत विंचरलेल्या केसांचे गुंतवळ गोळा करतात. भांडे पदरात पडलेल्या गृहिणीला त्या केसांची परदेशातील किंमत ठाऊक नसते, आणि उन्हातान्हात फिरणाऱ्या बाईच्या हाती तर त्यातला नाममात्र वाटा येतो. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्यामागे देशातील उद्योगाची ओरड होती. आजारी मुलांची आठवण कोणाला झाली नव्हती. टंचाई केसांची नाही. टंचाई आहे ती गरजेपर्यंत केस पोहोचविणाऱ्या व्यवस्थेची.

ब्रिटिश समाजवादी विचारवंत रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानावर एक ग्रंथ लिहिला. इंग्लंडमधील निःशुल्क, स्वेच्छेचे रक्तदान आणि अमेरिकेतील रक्ताचा बाजार यांची तुलना करून त्यांनी दाखविले, की विकत घेतलेले रक्त महाग तर पडतेच, शिवाय अधिक दूषितही असते. पण या ग्रंथाचा दुसरा धडा आपण विसरतो. इंग्लंडमधील दात्याचे औदार्य फळाला आले, कारण त्याच्यामागे सार्वजनिक आरोग्यसेवा उभी होती. आपल्याकडेही रक्तविक्रीचा धंदा केवळ सद्भावनेने बंद झाला नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, पेढ्यांवर नियंत्रण आले आणि १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी आली. दान टिकते ते संस्थेच्या आधाराने, आणि संस्था टिकते ती कायद्याच्या आधाराने.

म्हणूनच केशदानाला केवळ भूतदयेच्या हवाली करणे धोक्याचे आहे. भूतदयेत घेणाऱ्याला निवड नसते. टोप देताना मुलीचे छायाचित्र काढले जाते, ते दात्यांच्या समाधानासाठी प्रसिद्ध केले जाते, आणि जे तिला लपवावेसे वाटत होते तेच जगासमोर मांडले जाते. हक्काच्या व्यवस्थेत असे घडत नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत सोळा वर्षांखालील मुलांना टोप विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणापुढे कृतज्ञतेने उभे राहावे लागत नाही. याच आरोग्यसेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी चष्मे व कवळ्यांवर शुल्क लावण्याच्या निषेधार्थ १९५१ साली मंत्रिपद सोडले. ज्यांना टोपाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, त्यांनी एवढे स्मरणात ठेवावे, की एका थोर समाजवादी नेत्याला चष्मा आणि कवळी या वस्तू राजीनाम्याच्या मोलाच्या वाटल्या होत्या.

आणि केसांचा प्रश्न महाराष्ट्रातील कामगार चळवळीला परका तर मुळीच नाही. मुंबईतील गिरणी कामगारांचे पहिले संघटक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी सभा भरविली आणि विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. कामाचे तास आणि साप्ताहिक सुट्टी यांसाठी झगडणाऱ्या या नेत्याला विधवेच्या डोक्यावरील केस हा दुय्यम विषय वाटला नाही. मनुष्याची अप्रतिष्ठा जेथे होते तेथे चळवळीचे काम आहे, एवढे साधे सूत्र त्यामागे होते.

मग आपण करावे काय? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांना स्थान आहे. उपचारांमुळे केस गेलेल्या आणि चाईने त्रस्त अशा प्रत्येक मुलाला टोप हा त्या उपचारांचाच भाग म्हणून मिळावा, अशी मागणी पक्षाने लावून धरावी. कामगार राज्य विमा योजनेसाठीही हीच मागणी कामगार संघटनांनी करावी. टोप गाठविण्याचे काम स्त्रियांच्या सहकारी संस्थांकडे द्यावे आणि त्यांना रास्त वेतन मिळावे, म्हणजे श्रम आणि कौशल्य यांचे मोल दलालाच्या हाती जाणार नाही. शाळांनी केस वाढविणाऱ्या मुलग्यांना शिस्तीच्या नावाखाली वर्गाबाहेर काढू नये. कारखान्यात यंत्राजवळ मोकळे केस धोक्याचे असतात, हे खरे. पण ते बांधून टोपीखाली ठेवले की प्रश्न मिटतो, त्यासाठी कामगाराची टवाळी करण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट टोपापेक्षाही महत्त्वाची आहे. टोप घालण्याची सक्ती कोणत्याही मुलावर होता कामा नये. ज्या मुलीला बोडक्या डोक्याने वर्गात बसावेसे वाटते, तिला तसे निर्भयपणे बसता आले पाहिजे. टोप हे तिच्या हातातील साधन असावे; आपल्या नजरेला त्रास होऊ नये म्हणून तिच्यावर घातलेला पडदा नसावा. हे शिक्षण मुलीला नव्हे, तिच्या वर्गाला आणि वस्तीला द्यावयाचे आहे, आणि ते देण्यास कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.

देहूला तुकोबांविषयी एक परंपरा सांगितली जाते. दुष्काळानंतर सावकारीची कागदपत्रे वाटून घेण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. या कथेतील थोरपण केवळ त्यागात नाही. ऋणको पुन्हा दारात येऊन मान खाली घालणार नाही, अशी व्यवस्था त्या कृतीने झाली. आपल्या पट्ट्यातील जे तरुण-तरुणी केस वाढवीत आहेत त्यांनी ते अवश्य वाढवावेत आणि अवश्य द्यावेत. परंतु घेणाऱ्या मुलाच्या नावावर कृतज्ञतेचे खत शिल्लक राहू नये, ही जबाबदारी दात्याची नव्हे, समाजाची आहे. ती शासनाच्या गळी उतरविणे हे आपल्या पक्षाचे काम आहे.