मूल घरी गेले; रोग कुठे गेला?

१/ शाळेत साथ पसरू नये म्हणून आजारी मुलाला घरी पाठवतात. संसर्ग तीव्र असेल तेव्हा ते आवश्यकच असते. परंतु तेवढ्याने रोग आटोक्यात येतो, हा समज न्यूयॉर्कच्या शाळांनी १९०२ मध्येच खोटा ठरवला.

२/ घटसर्पाच्या साथीमुळे १८९४ मध्ये बोस्टनच्या शाळांत वैद्यकीय तपासणी सुरू झाली. १८९७ मध्ये न्यूयॉर्कनेही डॉक्टर नेमले. खुपऱ्या, गजकर्ण, खरूज, उवा यांपैकी काही आढळले, की मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याची घरी रवानगी होई.

३/ पुढे काय? स्थलांतरितांच्या वस्तीत अनेक पालकांना ती इंग्रजी चिठ्ठी वाचता येत नसे. डॉक्टरची फीही परवडत नसे. उपचाराविना राहिलेले मूल संध्याकाळी त्याच गल्लीत, त्याच वर्गमित्रांशी खेळे. वर्ग ओस पडले, रोग वस्तीतच राहिला.

४/ हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या सेवासंस्थेच्या संस्थापक लिलियन वॉल्ड यांनी यावर सुचवलेला उपाय साधा होता: शाळेत परिचारिका नेमावी. ऑक्टोबर १९०२ मध्ये लिना रॉजर्स यांच्याकडे चार शाळा सोपवण्यात आल्या. किरकोळ विकारांवर त्या शाळेतच उपचार करीत. घरोघरी जाऊन आयांना औषध कसे लावावे, स्वच्छता कशी राखावी, हे समजावीत.

५/ प्रयोग यशस्वी ठरताच शहराने आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये शहरात आजारामुळे वर्गाबाहेर काढलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती. सप्टेंबर १९०३ मध्ये ती १,१०१ झाली. रोग वर्षभरात नाहीसे झाले, असा याचा अर्थ नव्हे. ज्या विकारांसाठी पूर्वी शाळा बुडे, त्यांवर आता शाळेतच इलाज होऊ लागला.

६/ भारतात शालेय वैद्यकीय तपासणीचा आरंभ १९०९ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात झाला. तरीही १९४६ मध्ये भोर समितीला देशात शालेय आरोग्यसेवा जवळपास नसल्यासारखीच आढळली. चांगला आरंभ आपोआप व्यवस्था होत नाही.

७/ म्हणून आजही शालेय आरोग्य तपासणीचे यश किती मुले तपासली यावर मोजू नये. दोष आढळलेल्यांपैकी किती मुलांवर उपचार झाले आणि किती वर्गात परतली, हाच खरा निकष. त्याविना केलेली तपासणी म्हणजे १८९७ ची तीच चिठ्ठी. फार तर आता ती मराठीत असेल.