‘आख्खा बॉक्सच बदला’

‘आख्खा बॉक्सच बदला’ हे वाक्य आता तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळतं. जीप असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर विहिरीवरची मोटर असो. मिस्त्री झाकण काढतो, आत बॅटरी मारतो, मान हलवतो आणि हे वाक्य टाकतो. शेतकरी गप्प बसतो, कारण आत काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. मला या वाक्याशी भांडायचं आहे. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, पण चाळीस वर्षं एक जुनी जीप वापरतोय आणि तिचं पोट डोळ्यांनी पाहिलंय. त्या जोरावर सांगतो, बऱ्याच वेळेला हे वाक्य खोटं असतं. खरं वाक्य असं पाहिजे : ‘मला खोलता येतं, पण परत जुळवता येत नाही.’

खोलणं कुणालाही जमतं. पाना आणि हातोडा असला की झालं. जुळवणं ही वेगळी विद्या आहे. ती गावागावांत होती आणि आता आपल्या डोळ्यांदेखत चाललीय. तिचं कुणाला सुतक नाही.

माझी जीप सीजे थ्री बी, उंच बॉनेटची. अमेरिकेत विलीज कंपनीनं हे मॉडेल १९५३ साली काढलं. आत उंच इंजिन बसवायचं म्हणून बॉनेट वर उचललं. आपल्याकडं महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जिपा जोडायला सुरुवात केली होती, पुढं हे मॉडेलही इथंच तयार होऊ लागलं आणि वर्षानुवर्षं चाललं. माझ्या जिपेचं मूळ पेट्रोल इंजिन कधीच गेलं, त्या जागी डिझेल आलं. पण गिअरबॉक्स तीन गिअरचा, मूळचाच. आणि त्याच्या ढुंगणाला चिकटलेलं ट्रान्सफर केस, तेही मूळचंच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटून देणारी लोखंडी पेटी. तिचे दोन छोटे दांडे ड्रायव्हरच्या हाताशी नाचत असतात. एकानं पुढची चाकं जोडायची, दुसऱ्यानं ‘लो’ टाकायचा. लो टाकला की ताकद अडीच पटीच्या आसपास वाढते आणि जीप मुंगीच्या पावलानं कुठलाही चढ चढते. दुसऱ्या महायुद्धातल्या जिपेला याच जातीचं ट्रान्सफर केस होतं. रणांगणावर, चिखलात, साध्या हत्यारांनी दुरुस्त व्हावं म्हणून बनवलेली गाडी ती. तिच्याबद्दल तालुक्याचा मिस्त्री म्हणतो, दुरुस्त होत नाही!

आता या ट्रान्सफर केसात एक गंमत आहे, आणि माझा सगळा राग तिथंच आहे. त्या दोन दांड्यांच्या रॉडांच्या मधे, केसच्या अंगातच, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान अशी एक लोखंडी गोळी असते. ती बोलत नाही, फिरत नाही, आवाज करत नाही. तिचं काम एकच. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडू द्यायचा नाही. कारण लोची सगळी ताकद एकट्या मागच्या एक्सलवर आली तर तो मोडू शकतो. ही अक्कल जीप बनवणाऱ्यानं त्या गोळीत घालून ठेवलीय.

आमच्या वाडीत दूध गोळा करणारी एक जीप होती. माझ्याच जातीची. तिचं ट्रान्सफर केस एका गॅरेजात खोललं, सील बदलले, परत बसवलं. ती गोळी मात्र बसवली नाही. पडली असेल, हरवली असेल, किंवा ‘कशाला पाहिजे ही कटकट’ म्हणून फेकली असेल. उलट चालवणाऱ्याला बरं वाटलं. दांडे कसे लोण्यासारखे पडतात, म्हणाला. श्रावणातल्या एका सकाळी चाळीस लिटरचे आठ कॅन भरून जीप ओढ्याच्या चढाला लागली. लो पडला, पुढची चाकं जोडलेलीच नव्हती, आणि मागचा एक्सल कट्कन तुटला. जीप मागं घसरून बांधाला टेकली, म्हणून माणूस वाचला. तीनशेवीस लिटर दूध मात्र ओढ्याला गेलं. वाडीतल्या सगळ्या घरांचं एका वेळचं दूध. ज्या बाईची एकच म्हैस, तिचंही त्यात होतं. एक्सल बदलायला जीप त्याच गॅरेजात गेली तेव्हा उत्तर काय मिळालं? ‘गाडी जुनी झाली हो, ट्रान्सफर केस पण संपलंय, आख्खं बदला.’

गाडी जुनी झाली नव्हती. जुळवणाऱ्यानं काम अर्धं केलं होतं. आणि त्याचं खापर लोखंडावर फुटलं.

असं काम नीट कसं होतं तेही सांगतो, म्हणजे मी हवेत बोलतोय असं कुणाला वाटायला नको. माझा बॉक्स दुसऱ्या गिअरमधून उडी मारायला लागला, आणि दोन चाकांवर चालवताना खालून घोंघावायला लागला. गॅरेजानं नवीन बॉक्सचा जो आकडा सांगितला, त्यात एक बरी बैलजोडी आली असती. मी जीप आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेली. त्याचं वय सत्तरीच्या पुढं, शाळा चौथी. त्यानं आधी जमिनीवर धुतलेलं धोतर अंथरलं. मला म्हणाला, “तात्या, जे निघंल ते डावीकडनं उजवीकडं ठेवायचं. उलटं बसवताना उजवीकडनं डावीकडं यायचं. मधलं काय उचलायचं न्हाय.” झालं, सगळ्या विद्येची ही पहिली इयत्ता.

मागचं झाकण काढून मेन शाफ्टच्या टोकाचा नट सोडला, त्यावरचा गिअर ओढून काढला. दोन पेट्या वेगळ्या करायच्या आधी त्यानं मेन शाफ्टला मागून तारेचा फास टाकला आणि ती तार पुढच्या स्क्रूंना आवळून बांधली. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, पेटी ओढताना शाफ्टपण तिच्याबरोबर मागं येतो आणि आतला सगळा संसार खाली पडतो. पुढं मला त्या जिपेचं इंग्रजी पुस्तक बघायला मिळालं. पुतण्यानं वाचून दाखवलं. त्यात ही तार जशीच्या तशी सांगितलेली आहे. चौथी शिकलेल्या माणसाच्या हातात कंपनीचं पुस्तक होतं!

मग जुळवणी. खालच्या काउंटर शाफ्टवरचा गिअर सुईएवढ्या बारीक रोलरांवर फिरतो. ते रोलर सुटे असतात, एकमेकांना चिकटलेले नसतात. मिस्त्रीनं बाभळीच्या लाकडाचा, शाफ्टापेक्षा किंचित बारीक आणि गिअरच्या लांबीएवढा दांडा तासून ठेवला होता. गिअरच्या भोकात घट्ट ग्रीस भरलं, एकेक रोलर त्यात चिकटवला, मधे लाकडी दांडा सारला. मग गिअर पेटीत खाली ठेवला आणि खरा शाफ्ट एका बाजूनं आत ढकलला. तो जसजसा आत गेला तसतसा लाकडी दांडा दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. एकही रोलर हलला नाही. काढताना मोजलेले आणि बसवताना मोजलेले रोलर त्यानं मला दोनदा मोजायला लावले. एक कमी निघाला असता तर काम तिथंच थांबलं असतं. एवढासा रोलर दातांत सापडला की गिअर फोडतो.

ट्रान्सफर केसातला मधला गिअरही असाच. त्याच्या दोन्ही बाजूंना पितळी थ्रस्ट वॉशर. वॉशरला एक जीभ असते, ती केसच्या खाचेतच बसली पाहिजे. नाहीतर वॉशर गरगर फिरतो आणि महिन्या-दोन महिन्यांत झिजून जातो. माझं घोंघावणं तिथलंच होतं. आधी कुणीतरी जीभ खाचेबाहेर ठेवून हातोड्यानं शाफ्ट ठोकला होता. मागच्या टोपीखाली पत्र्याचे पातळ शिम घालून आउटपुट शाफ्टाचा ढिलेपणा ठरवायचा. पुस्तक म्हणतं, इंचाचे चार ते आठ हजारांश. मिस्त्री म्हणाला, “हाताला जाणवंल आणि डोळ्याला दिसणार न्हाय, एवढं ठेवायचं.” मग ती गोळी, तिच्यावरचे स्प्रिंग, छर्रे, नटाला नवीन पिन, नवीन सील, नवीन पॅकिंग. तेल भरायच्या आधी त्यानं शाफ्ट हातानं फिरवला, प्रत्येक गिअर टाकून बघितला. कुठं अडलं तर आत्ताच कळतं, वर चढवल्यावर नाही.

तीन दिवस लागले. सामान किती लागलं? रोलर, दोन वॉशर, पितळी रिंगा, सील, एक शाफ्ट आणि तेल. एका म्हशीच्या महिन्याच्या दुधात सगळं भागलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. बॉक्स परत उघडलेला नाही.

यावर माझा पुतण्या म्हणतो, “तात्या, तुमचे तीन दिवस गेले त्याची किंमत धरली का? नवीन पिकअप घ्या, हप्ता पडतो तेवढाच.” मी त्याला विचारतो, हप्ता पडतो, पण ऐन सुगीत त्या पिकअपचा दिवा लागला आणि गाडी उभी राहिली, तर तू काय करणार? लॅपटॉपवाला माणूस येईपर्यंत टोमॅटो थांबणार आहे का? तीन दिवस मी माझ्या सवडीनं घालवले. तुझे तीन दिवस दुसरा ठरवणार. हा हिशेब पैशाचा नाहीच म्हणा ना. आपली निकड दुसऱ्याच्या मुठीत द्यायची का, याचा हिशेब आहे.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. जुन्या गाड्या धूर सोडतात, धोकादायक असतात. मान्य. धूर तपासा, ब्रेक तपासा, नापास झाली तर खुशाल भंगारात घाला. पण तपासून घाला. २०२१ साली भंगार धोरण आलं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द. गाडी कशी आहे हे न बघता वयावर निकाल! आमच्याकडं बैलाचेसुद्धा दात बघतात, चाल बघतात, मग बोली लावतात.

आणि कुणी म्हणेल, हे म्हातारपणीचं रडगाणं आहे, तर जरा सरकारी कागदच बघा. भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला. कशासाठी? बाहेरच्या गॅरेजांना अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची हत्यारं मिळू देत नाहीत म्हणून. पुढं अपिलं झाली, ते असो. २०२२ साली केंद्रानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात मोटारी आहेत, मोबाइल आहेत आणि शेतीची अवजारंही आहेत. म्हणजे दुखणं दिल्लीलाही कळलंय. पण हक्क कागदावर मिळाला आणि गावात जुळवणारा हातच उरला नाही, तर तो हक्क काय चुलीत घालायचा?

इथं मला आपल्याच माणसांना चार शब्द सुनवायचे आहेत. कंपन्यांना शिव्या देणं सोपं आहे. आपले जुने उस्ताद काय करत होते? पोराला पाने धुवायला लावायचे, आणि शिम बसवायची वेळ आली की चहा आणायला पिटाळायचे. हातचं राखून शिकवलं. कितीतरी जणांनी आपली विद्या सरणावर नेली. आणि शेतकरी? तो गॅरेजाबाहेर पानपट्टीवर उभा. गाईचं वासरू अडलं तर रात्रभर गोठ्यात बसणारा माणूस, त्याच्या लाखाच्या यंत्राचं पोट फाडलंय तेव्हा तिथं नसतो. मग गोळी बसली का नाही हे त्याला कसं कळणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. मिस्त्री ‘आख्खा बॉक्स बदला’ म्हणाला की त्याला विचारा, कुठला भाग गेलाय तो हातात दे. झिजलेला दात दाखव, खड्डे पडलेला शाफ्ट दाखव. खरंच फुटलं असेल तर बदला, त्यात वाद नाही. जो दाखवत नाही त्याच्याकडनं जीप टोचन लावून परत न्या. खोलताना समोर बसा. खिशातला मोबाइल नुसता रीळ बघायला नाही, निघणाऱ्या प्रत्येक भागाचा फोटो काढा. जुने भाग मागून घ्या, ते तुमच्या पैशाचे आहेत. आणि गावात आयटीआय झालेलं पोरगं बसून असेल, तर त्याला हाताखाली घ्या असं म्हाताऱ्या मिस्त्रीला सांगा. वेळ पडली तर त्या पोराची महिन्याची चार पैशांची सोय वाडीनं करावी. देवळाच्या कळसाला वर्गणी निघते, याला का निघू नये?

आमच्या मिस्त्रीचे हात आता थरथरतात. पण डोळे आहेत आणि तोंड शाबूत आहे. भंगारातनं आणलेला एक जुना बॉक्स आणि ट्रान्सफर केस माझ्या छपरात पडलंय. दिवाळीनंतर भात झोडून झालं की ते खळ्यावर खोलायचं आणि परत जुळवायचं, असं ठरलंय. मिस्त्री खुर्चीत बसून सांगणार, पोरं करणार. कुणालाही मुभा आहे. फी नाही. जुने कपडे घालून यावं, आणि रोलर मोजल्याशिवाय कुणी जेवायला उठायचं नाही.