गूढ की गाफीलपणा?

बर्म्यूडा त्रिकोण! हे शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर अथांग सागर उभा राहतो आणि जहाजे, विमाने गिळणारी एखादी अदृश्य शक्ती. परवा ऑफ तासाला आमच्या वर्गात यावर तावातावाने चर्चा झाली. कोणी म्हणाले, परग्रहावरचे लोक. कोणी म्हणाले, बुडालेली अटलांटिस नगरी. मी मात्र गप्प होते.

या त्रिकोणाची सर्वांत गाजलेली कथा ५ डिसेंबर १९४५ ची. फ्लोरिडातून अमेरिकन नौदलाची ५ विमाने सरावासाठी उडाली आणि १४ जणांसह नाहीशी झाली. त्यांच्या शोधाला गेलेले एक विमानही १३ जणांसह गेले. गूढच म्हणायचे! पण होकायंत्रे बिघडल्याचे तुकडीच्या प्रमुखाने स्वतः कळवले होते. आपण कोठे आहोत, हेच त्याला उमगत नव्हते. रात्र पडली, समुद्र खवळला, इंधन संपत आले. शोधविमान गेले त्या संध्याकाळी एका जहाजाने समुद्रावर ज्वाळा पाहिल्या होत्या. लॅरी कुशे या अमेरिकन ग्रंथपालाने अशा अनेक घटनांची जुनी वर्तमानपत्रे व अहवाल धुंडाळून १९७५ साली पुस्तक लिहिले. ‘शांत समुद्रात’ घडल्या म्हणून सांगितलेल्या काही घटनांच्या वेळी प्रत्यक्षात वादळ होते, असे त्याला आढळले.

पण इतक्या दूर कशाला जायचे? नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांत लग्नाची वऱ्हाडे होती आणि मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईस निघालेली मुलेही होती, असे सांगतात. बोटीचे अवशेष सापडले नाहीत. तिच्यावर लोकगीते रचली गेली. चौकशीत मात्र आढळले ते साधेच होते : बोटीवर जीवरक्षक होड्या आणि साधने पुरेशी नव्हती. गीत लोकांच्या ओठी राहिले, चौकशीचा निष्कर्ष कोणाला आठवतो?

मी गप्प का होते, ते आता सांगते. नोव्हेंबर २००९ मध्ये कोकण किनाऱ्यावर ‘फयान’ वादळ आले, तेव्हा मी लहान होते. माझे मोठे काका दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते. होडी परतली नाही. आजी अजून म्हणते, “दर्यानं नेलं.” होडीवर वायरलेस नव्हता, लाइफ जॅकेटही नव्हती, हे गावात सर्वांना ठाऊक आहे, पण ते मोठ्याने कोणी बोलत नाही. कागदावर काका ‘बेपत्ता’ राहिले. त्या एका शब्दावर काकूने सात वर्षे काढली. ना कुंकू पुसता येई, ना सरकारी मदत मिळे.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. इथे येऊन मी एक गोष्ट शिकले : ‘का?’ असे विचारायचे. समुद्रात खरोखर न उलगडलेली कोडी असतील, मला ती नाकारायची नाहीत. पण ‘गूढ’ म्हटले की चौकशी थांबते, मालक सुटतो आणि वाट पाहणारी बाई तशीच दारात उभी राहते.

मित्रहो, पुढच्या वेळी एखादी होडी नाहीशी झाल्याची बातमी वाचाल, तेव्हा अदृश्य शक्तीचा शोध जरा नंतर घ्या. आधी एवढेच विचारा, त्या होडीवर लाइफ जॅकेट किती होती?

— द्वितीय वर्ष, कला