नावावरचा भरवसा

१९८२ च्या एशियाडबरोबर देशात रंगीत टीव्ही आला आणि पुढच्या काळात व्हिडिओकॉनचे नाव घरोघरी गेले. कारखाना औरंगाबादजवळ चितेगावला. आपल्या मुलखातला म्हणून जिव्हाळाही होता.

मग गिऱ्हाईक का आटले? १९९५ ला सॅमसंग आली, १९९७ ला एलजी, हे कारण सगळेच सांगतात. मला ते अपुरे वाटते. जग सपाट पडद्याकडे वळत असताना २००५ मध्ये कंपनीने थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला! पुढे तेल, डीटूएच, मोबाईल. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टूजीचे १२२ परवाने रद्द केले, त्यांत यांचेही गेले. २०१८ मध्ये कर्जापायी प्रकरण दिवाळखोरीत गेले.

आमच्या इन्सुलीसारख्या गावात पावसाळ्यात लाइट सारखी जाते-येते, सेट बिघडतो. तो उचलून सावंतवाडीला न्यायचा आणि तिथे पार्ट नाही! कोणत्याही कंपनीचा असो, असा माणूस भांडत बसत नाही, पुढच्या वेळी मुकाट्याने दुसरे नाव विचारतो. हिशेबात ज्याला गुडविल म्हणतात ते असे झिजते, ताळेबंदात दिसण्याच्या कितीतरी आधी.

तेव्हा नवा सेट घेताना दुकानदाराला आधी पार्टचे विचारा, आणि गॅरंटी कार्डावर तारीख व शिक्का घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.