ऐकणाराही घडवावा लागतो

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून गावं झोपली होती आणि पहाटे किल्लारीची जमीन हादरली. हजारो माणसं गेली. धान्य आलं, पत्रे आले, पुढे घरंही आली. पण रात्री दचकून उठणाऱ्याजवळ बसायचं कसं, हे किती जणांना ठाऊक होतं?

समुपदेशन म्हणजे गोड बोलून समजूत काढणं, असा आपला समज. "देवाची मर्जी", "झालं ते विसरा" ही वाक्यं तोंडावर तयारच! जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची पुस्तिका मात्र तीनच गोष्टी सांगते : पाहा, ऐका, जोडून द्या. म्हणजे आधी गरज पाहा. माणूस बोलेल तेवढं ऐका, खोदून विचारू नका. मग आप्तांशी, डॉक्टरांशी गाठ घालून द्या.

आता १४४१६ वर टेलि-मानसची मदत मिळते, हे चांगलंच. पण फोन लावायलाही बळ लागतं. म्हणून हे शिक्षण आशाताई, अंगणवाडीसेविका आणि शिक्षकांना आधी द्यावं. आम्हा मास्तरांना बोलायचं प्रशिक्षण मिळालं, ऐकायचं नाही. आपत्तीनंतर बाहेरचे परत जातात. ही माणसं तिथेच असतात.