मोबदल्याचा प्रश्न

न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळांत कम्युनिस्टांचा किती शिरकाव झाला आहे, हे हुडकण्यासाठी राज्य विधिमंडळाने १९४० साली चौकशी समिती नेमली. डेविट क्लिंटन हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकविणारे एबल मीरोपोल यांना तिच्यापुढे पाचारण करण्यात आले. त्यांनी लिहिलेल्या एका गाण्यासाठी कम्युनिस्ट पक्षाने पैसे मोजले होते काय, असे त्यांना विचारण्यात आले. मोबदल्यावाचून कोणी अन्यायाविरुद्ध लेखणी उचलतो, ही गोष्टच भांडवली व्यवस्थेच्या या पहारेकऱ्यांना उमगत नव्हती.

ते गाणे म्हणजे ‘स्ट्रेंज फ्रूट’. गोऱ्या झुंडीने काळ्या माणसांना ठार मारून झाडाला लटकाविल्याचे छायाचित्र मीरोपोल यांनी पाहिले आणि ते कित्येक दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून हटेना. त्यातून उतरलेली कविता १९३७ साली शिक्षक संघटनेच्या नियतकालिकात छापली गेली. चालही त्यांनीच लावली. १९३९ साली बिली हॉलिडे यांनी ते गाणे गायिले, तेव्हा कोलंबिया या बड्या कंपनीने ध्वनिमुद्रणास नकार दिला. अखेर कमोडोर या छोट्या कंपनीने तबकडी काढली.

१९४५ साली मीरोपोल यांनी शिक्षकी पेशा सोडला. त्याच वर्षी त्यांचे ‘द हाउस आय लिव्ह इन’ हे गीत फ्रँक सिनात्रा यांच्या लघुपटात आले. लघुपट सहिष्णुतेचा पुरस्कार करणारा होता. परंतु काळ्या-गोऱ्या शेजाऱ्यांचा उल्लेख असलेले कडवे त्यातून वगळण्यात आले! हॉलिवुडच्या उदारमतवादाची धाव एवढीच होती. पुढे शीतयुद्धाच्या काळात मीरोपोल यांचे नाव काळ्या यादीत गेले.

१९ जून १९५३ रोजी ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग यांना हेरगिरीच्या कटाच्या आरोपावरून विजेच्या खुर्चीत ठार करण्यात आले. दहा आणि सहा वर्षांची त्यांची दोन मुले पोरकी झाली. त्या दहशतीच्या दिवसांत आप्तस्वकीयांनाही त्यांना जवळ करण्याचे भय वाटत होते. मीरोपोल आणि त्यांच्या पत्नी ॲन यांनी त्यांना घरी आणले. मुलांना त्यांच्यापासून तोडण्याचाही प्रयत्न झाला. दांपत्याने तो लढा जिंकला. ‘लुईस ॲलन’ हे मीरोपोल यांचे टोपणनाव त्यांच्या मृत जन्मलेल्या दोन बाळांच्या नावांवरून घेतलेले होते. आता मायकेल आणि रॉबर्ट यांनी मीरोपोल हे आडनाव धारण केले.

मीरोपोल १९८६ साली निवर्तले. झुंडहत्येविरुद्धचे पहिले विधेयक अमेरिकन काँग्रेसमध्ये १९०० साली मांडले गेले होते. झुंडहत्या हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा ठरण्यास २०२२ साल उजाडावे लागले. शाळेतील एका शिक्षकाने जे १९३७ साली सांगितले, ते मान्य करण्यास त्या बलाढ्य सत्तेला आणखी पंच्याऐंशी वर्षे लागली. पोरक्या मुलांना पोटाशी धरणाऱ्याला त्याचा मोबदला कोणी दिला, हे मात्र कोणत्याही समितीने विचारले नाही. समितीच्या मूळ प्रश्नाचे उत्तर नेमके तेथेच होते.